लशीत टरफल असतं, दाणा नसतो

"अहो ताई, लग्नाआधीच पोरीला ही लस दिली आणि पुढे तिला मूलच झालं नाही तर?"

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या लशीचा विषय निघाला, की बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारीला हसू नये. लेकीच्या दंडात काय टोचणार, हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मी कला शाखेची, तरी वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते माझ्या भाषेत सांगते.

हा कॅन्सर कशामुळे होतो, हे जगाला फार काळ ठाऊक नव्हतं. हर्पिसच्या विषाणूवर संशय होता. जर्मनीतल्या हाराल्ड झुर हाउसेन यांना ते पटेना. त्यांचा मार्ग होता मॉलिक्युलर बायोलॉजीचा, म्हणजे रेणवीय जीवशास्त्राचा. पेशीच्या पोटात शिरून तिथला डीएनए वाचायचा, असं हे शास्त्र. रुग्ण बायकांच्या गाठींमध्ये विषाणूच्या डीएनएचा माग काढता काढता त्यांना १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही-१८ हे दोन प्रकार सापडले. या कॅन्सरच्या शंभरातल्या सुमारे सत्तर रुग्णांत हेच दोघे गुन्हेगार असतात. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

चोर सापडला, पण त्याला प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीनं वाढवता येईना. मग लस करायची कशी? १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी तोड काढली. झोऊ यांच्या पत्नी शियाओ-यी सुन याही प्रयोगशाळेत बरोबरीनं राबत होत्या. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं तेवढं जनुक त्यांनी घेतलं. त्यातून तयार झालेली प्रथिनं आपोआप जुळली आणि हुबेहूब कवच बनलं. आतून रिकामं! पहिली लस २००६ मध्ये आली. ती पाहायला झोऊ नव्हते, ते १९९९ मध्येच गेले.

आता ही कवचं यीस्टच्या पेशींकडून करवून घेतात. पाव फुगवायला यीस्ट लागतं, ते आपल्याला माहीत आहेच. म्हणजे या लशीत विषाणू नाही, त्याचा डीएनएही नाही. भुईमुगाचं नुसतं टरफल पेरलं तर रोप उगवेल का? तसंच हे. शरीर मात्र ते टरफल ओळखून ठेवतं आणि खरा विषाणू आला की त्याला अडवतं. लशीमुळे मूल होत नाही, असं कुठेही आढळलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या पुढच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात या कॅन्सरची एकही रुग्ण निघाली नाही. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही लोकांच्या मनात धास्ती का? त्याला कारण आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये थांबवावा लागला. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आंध्रात कित्येक मुलींसाठी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. हे चूकच होतं. आईला न विचारता, न समजावता केलेलं चांगलं कामही संशयात सापडतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं भारतीय लस तयार केली, ती जानेवारी २०२३ मध्ये आली. फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. विषाणू अंगात शिरण्याआधी लस घेतली तर तिचा खरा उपयोग, म्हणून हे वय.

आणि आपलं काय? आपल्यासाठी एचपीव्ही तपासणी आहे, तीही याच शास्त्राची देणगी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाला ही तपासणी एकदाच मिळाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं! लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करायचीच, कारण लस सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

२०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षभरात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार जणी गेल्या. यातल्या कितीतरी जणींनी दुखणं अंगावर काढलं असेल. शास्त्रज्ञांनी आयुष्यं वेचून औषध आपल्या उंबऱ्यापर्यंत आणलं. उंबऱ्याच्या आत ते आपणच आणायचं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या हळदीकुंकवाला वाण काहीही लुटा, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना किंवा नर्सताईंना अर्ध्या तासासाठी बोलवा. लस कुठे मिळते, तपासणी कुठे होते, मनात काय भीती आहे, सगळं विचारा. न लाजता विचारा.