रिकामी जागा रिकामीच दिसू द्या

विद्यार्थी मित्रांनो, प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना मला दरवर्षी एक गोष्ट आढळते. लंबकाच्या प्रयोगातील निरीक्षणांचा तक्ता अर्धा कोरा असतो. पण खाली ठसठशीत उत्तर असते: गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग! उत्तर बरोबर आहे, पण ते त्या विद्यार्थ्याने काढलेले नाही.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यालाही हा मोह होतो. मोठी आज्ञावली एका बैठकीत पुरी होत नाही, म्हणून तिचे लहान भाग पाडतात. त्यांना फंक्शन म्हणतात. समजा, लंबकाची लांबी व आवर्तकाल यांवरून गुरुत्वत्वरण काढणारे फंक्शन अजून लिहायचे आहे. तेथे तात्पुरते ‘९.८’ लिहून ठेवले तर? आज्ञावली विनातक्रार चालेल, सरासरीही सुंदर येईल आणि राहिलेले काम आपण विसरून जाऊ.

रस्ट या संगणकभाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली निघाली. तिच्यात २०१९ पासून ‘टूडू!’ नावाचा मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे असा छोटा शब्द, की ज्याच्या जागी कंपायलर ठरलेला मजकूर घालतो. अपुऱ्या फंक्शनमध्ये एवढा शब्द लिहिला की पुरे. फंक्शनने संख्या द्यायची असो वा अक्षरे, कंपायलर अडत नाही; कारण या जागेवरून उत्तर कधीच परत येणार नाही, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे बाकीची रचना तपासून घेता येते. मात्र आज्ञावली चालता चालता त्या ओळीवर आली, की ‘हे अजून लिहिलेले नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते.

कोणी म्हणेल, ऐन वेळी थांबणारी आज्ञावली काय कामाची? आक्षेप खरा आहे. शिवाय त्या ओळीवर आज्ञावली पोचलीच नाही, तर उणीव कळणारही नाही. म्हणून काम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हा शब्द शोधून प्रत्येक जागा भरलीच पाहिजे. पण शब्द ठरलेला असल्यामुळे तो शोधता तरी येतो. खोटा ‘९.८’ खऱ्या आकड्यांत मिसळला, की तो कसा शोधणार?

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. ‘प्रयोग अपुरा राहिला’ असे लिहिणाऱ्याचे गुण कापून उसने उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले, तर मुले काय शिकतील? मी आता अशा विद्यार्थ्याला पुन्हा प्रयोगशाळेत बोलावतो आणि प्रयोग पुरा करून घेतो.