पंधराव्या वर्षीचा शेरा पुसता आला पाहिजे

दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अकरावीच्या अर्जात एक शाखा निवडावी लागते. २०२५ पासून हा अर्ज राज्यभर ऑनलाइन झाला, तरी त्या एका रकान्याचे वजन जराही कमी झालेले नाही. विज्ञान घेतलेला विद्यार्थी बारावीनंतर बीएला किंवा बीकॉमला सहज जातो. कला शाखेतून बारावी झालेल्याला मात्र बीएस्सीचे दार बंद असते. ही निवड मुलाच्या आवडीने होते, असे कुणी म्हणू नये. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाची तुकडी आहे का, क्लासची फी झेपेल का, मुलीला रोज तालुक्याच्या गावी पाठवायला घरचे तयार आहेत का, यावर ती ठरते. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या मनात आणखी एक धास्ती असते. दहावीपर्यंत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘अपवर्तन’ या शब्दांनी शिकलेले विज्ञान अकरावीत एकदम इंग्रजीत समोर येते. कितीतरी हुशार मुले विषयाला नव्हे, या भाषेच्या उंबरठ्याला भिऊन मागे वळतात.

ज्यांचे विज्ञान आणि गणित असे सुटले, त्यांच्यासाठी राज्यातल्या विद्यापीठांनी पूर्ण एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम चालवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पात्रतेचे नियम सैल करणे हा त्याला पर्याय नाही. उलट, शिकवण्याची सोय न करता दार उघडणे ही त्या मुलांची फसवणूक आहे. ती चालू झालेली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी चौदा विषयांची यादी दिली आणि त्यांतले कोणतेही तीन चालतील असे म्हटले. व्यवसाय अभ्यास, उद्योजकता, शेती हे विषयही त्या यादीत होते. गणिताची उणीव भरून काढायला विद्यापीठांनी ब्रिज कोर्स घ्यावेत, असे त्याच पुस्तिकेत सांगितले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२४ चा मसुदा आणखी पुढे गेला: बारावीला कोणतेही विषय असोत, त्या विद्याशाखेची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्रवेश मिळेल. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण त्या परीक्षेची तयारी कोण करून घेणार? ज्याच्या खिशात पैसे आहेत तो क्लास लावेल. बाकीच्यांसाठी हे दार कागदावरच उघडे राहील.

ब्रिज कोर्स म्हणजे बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांचे जादा तास. तेवढ्यात काय साधते, ते एका उदाहरणावरून कळेल. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ या प्रकरणात एक समीकरण आहे: अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ. त्वरण कायम सारखे असेल तोवर हे ठीक. पण थांब्यावरून निघालेली एसटी सारख्या त्वरणाने धावत नाही. गिअर बदलतो, चढ लागतो, ब्रेक दाबला जातो. क्षणाक्षणाला बदलणारे त्वरण हाताळायचे तर विकलन आणि संकलन हवे. अभियांत्रिकीच्या किंवा भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्राध्यापक हे येते असे धरूनच फळ्यावर लिहायला लागतात. अकरावी-बारावीत या विषयाची बांधणी क्रमाने होते: आधी फलन, मग सीमा, मग विकलन, मग संकलन, आणि प्रत्येकाला शेकडो गणितांचा सराव. कला शाखेतला विद्यार्थी शेवटचा थांबला तो दहावीच्या वर्गसमीकरणांवर आणि अंकगणिती श्रेढीवर. त्याला तीन आठवड्यांत ‘एक्स वर्गाचे विकलन टू एक्स’ हे पाठ करून घेता येईल. त्या ‘टू एक्स’चा अर्थ वक्ररेषेचा त्या बिंदूपाशी असलेला चढ आहे, हे समजायला आलेख काढत, चुकत, पुसत बसावे लागते. सूत्र पाठ असलेला आणि अर्थ न कळलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात नापास होतो, मग ‘आपल्याला हे जमणारच नव्हते’ असे समजून घरी जातो. असे नापास होणे मला प्रवेश नाकारण्यापेक्षा जास्त क्रूर वाटते.

पूर्ण वर्ष दिले तर काय होते, हे शोधायला फार लांब जायला नको. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांच्या राखीव जागा रिकाम्या राहिल्या, तर किमान गुणांची अट आणखी शिथिल करून काही विद्यार्थ्यांना वर्षभराच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात घेतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी शिकवतात. तो अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला की प्रवेश परीक्षा पुन्हा न देता बी.टेक.च्या पहिल्या वर्षात जागा मिळते, आणि तिथून पुढे परीक्षा सर्वांना एकच. अर्थात हे विद्यार्थी बारावीला विज्ञान शिकलेले असतात. ज्यांनी विषयच सोडला त्यांच्यासाठी ही सोय नाही. स्वीडनमध्ये नेमकी तीच सोय आहे. तिथे विद्यापीठांमध्ये ‘बासओर’ म्हणजे पायाभूत वर्ष चालते. शाळेत सामाजिक शास्त्रे घेतलेले विद्यार्थी त्यात गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकतात. त्या वर्षाचे पदवीचे गुण मिळत नाहीत. मिळते ती पात्रता. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात तर हे वर्ष उत्तीर्ण होणाऱ्याला पुढच्या प्रवेशाची हमी असते. जर्मनीला पदवीसाठी मुले पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पालकांना ‘श्टुडिएनकोलेग’ हा शब्द ओळखीचा आहे. आपली बारावी झालेल्या अनेकांना तिथे साधारण दोन सत्रे पूर्वतयारी करून परीक्षा द्यावी लागते, मगच विद्यापीठ. ते वर्ष हे पालक आनंदाने स्वीकारतात.

म्हणूनच ‘मुलांचे वर्ष वाया जाईल’ या आक्षेपात मला जीव वाटत नाही. लातूरच्या आणि कोट्याच्या रिपीटर बॅचमध्ये दर वर्षी किती मुले बसतात, ते आपण पाहतो. नीट आणि जेईईसाठी ‘ड्रॉप’ घेतलेले वर्ष कुणी वाया गेले म्हणत नाही, आणि त्यासाठी कर्जही काढले जाते. समाजाला वर्षाचे वावडे नाही. प्रश्न ते वर्ष कुणाला परवडते याचा आहे.

दर्जा घसरेल, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण रिकाम्या जागा भरण्यासाठी या अभ्यासक्रमाचा वापर होण्याचा धोका खराच आहे. त्यावर उपाय असा की प्रवेश सढळ ठेवावा आणि बाहेर पडण्याची परीक्षा कडक असावी. ती परीक्षा शिकवणाऱ्या महाविद्यालयाने न घेता विद्यापीठाने घ्यावी, आणि उत्तीर्ण झाल्याशिवाय कुणालाही पहिल्या वर्षात बसू देऊ नये. बारावीला विज्ञान घेऊन काठावर पास झालेल्या मुलापेक्षा अशी परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी कच्चा असेल, असे मानायला कोणताही आधार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र देणाऱ्यांनाही नीटला बसता येईल असे मान्य केले. विषय केव्हा शिकला हे महत्त्वाचे नाही, शिकला की नाही हे महत्त्वाचे, हे तत्त्व डॉक्टरांच्या बाबतीत चालते तर इतरांच्याही बाबतीत चालावे. मुक्त विद्यालयातून एकेक विषय देता येतोच की, असे कुणी म्हणेल. येतो, पण तिथे परीक्षा आहे. रोज समोर उभा राहून शिकवणारा शिक्षक आणि हाताला प्रयोगशाळा नाही.

‘आधी शाळा सुधारा’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. शाळा सुधारल्याच पाहिजेत. पण आज अठरा वर्षांची असलेली मुलगी पुन्हा आठवीत बसणार नाही. शिवाय शाळेतून उलटी दिशाही दिसते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली: दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, मात्र या विषयांचे पुढचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असेल. मुलाला नापासाच्या शिक्क्यातून वाचवण्याचा हेतू चांगला आहे. पण पंधराव्या वर्षी मारलेला शेरा विसाव्या वर्षी पुसण्याची सोय नसेल, तर ती आयुष्यभराची बंदी ठरते.

खर्चाची सबब फार टिकणारी नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शासकीय तंत्रनिकेतनांत प्रयोगशाळा आहेत, आणि दहावी झालेल्या मुलांना पहिल्या वर्षी पायाभूत गणित व विज्ञान शिकवण्याचा अनेक वर्षांचा अनुभव असलेले शिक्षकही तिथेच आहेत. विद्यापीठांनी त्यांच्याशी करार करावा. येत्या जूनमध्ये प्रत्येक विद्यापीठाने निदान एका जिल्ह्यात चाळीस जणांची एक तुकडी सुरू करावी. पहिले तीन महिने मराठी आणि इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी ठेवून शिकवावे, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या वर्षालाही लागू करावी, आणि वर्षअखेरीचा निकाल नापासांच्या आकड्यासह जाहीर करावा.