भ्रूणाची गुणपत्रिका

‘गटाका’ हा इंग्रजी चित्रपट १९९७ साली आला तेव्हा तिकीटबारीवर साफ आपटला. जी, ए, टी, सी या डीएनएच्या चार अक्षरांतून त्याचे नाव तयार झाले आहे. अँड्र्यू निकोल यांनी त्यात रंगवलेल्या भविष्यकाळात आईबाप प्रयोगशाळेत जाऊन चांगल्यातला चांगला भ्रूण निवडतात. नायक व्हिन्सेंट मात्र असा निवडून जन्मलेला नाही. जन्मताच त्याच्या रक्ताच्या थेंबावरून भाकीत होते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य जेमतेम ३० वर्षे. पुढे त्याला अंतराळवीर व्हायचे असते. नोकरी मिळते ती अंतराळ संस्थेत लादी पुसण्याची.

जून २०२५ मध्ये न्यूक्लियस जीनोमिक्स या अमेरिकी कंपनीने ५,९९९ डॉलरची एक सेवा जाहीर केली. आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्याने आपल्या भ्रूणांची जनुकीय माहिती द्यायची आणि कंपनीने प्रत्येकाचे प्रगतिपुस्तक तयार करायचे. त्यात मधुमेह, हृदयविकार, काही कर्करोग यांची जोखीम आहे. शिवाय उंची, डोळ्यांचा रंग आणि बुद्ध्यांकही. अशा सेवा देणाऱ्या आणखीही कंपन्या अमेरिकेत आहेत. म्हणून ‘गटाका’ची आठवण पुन्हा निघू लागली आहे. ती कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी आधी विज्ञान पाहावे लागते.

थॅलेसेमिया किंवा सिकलसेल एका जनुकातल्या दोषामुळे होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर कोणत्या भ्रूणात हा आजार उतरला आहे हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. ज्या घराने असे एक मूल गमावले आहे, त्या घरासाठी ही चाचणी वरदानच आहे. त्याबाबत नाक मुरडण्याचे कारण नाही. उंचीचे गणित मात्र निराळे. २०२२ साली ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा उंचीशी निगडित असे १२ हजारांहून अधिक सूक्ष्म फरक सापडले. एकेकाचा परिणाम नगण्य. त्या साऱ्यांची बेरीज करून जो आकडा काढतात, त्याला बहुजनुकीय गुणांक म्हणतात. हा आकडा हजारो लोकांच्या गटाबद्दल काही सांगतो, एकट्यादुकट्या मुलाबद्दल फारच थोडे.

किती थोडे, याचा हिशेब २०१९ मध्ये इस्रायलमधील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. दहा भ्रूणांमधून सर्वाधिक गुणांक असलेला निवडला, तर सरासरी फायदा उंचीत साधारण अडीच सेंटीमीटर आणि बुद्ध्यांकात साधारण अडीच गुण. आयव्हीएफमध्ये दहा चांगले भ्रूण मिळणारी जोडपी थोडीच असतात. त्यात आणखी एक मेख आहे. ज्या अभ्यासांवर हे गुणांक उभे आहेत, त्यांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१९ मधील एका आढाव्यात दिसले. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्याला असे प्रगतिपुस्तक मिळाले, तर ते युरोपीय जोडप्याच्या प्रगतिपुस्तकाहूनही कमी भरवशाचे असेल. पैसे मात्र तेवढेच पडतील.

तेव्हा ‘गटाका’तले विज्ञान आज तरी हाती आलेले नाही. तरीही चित्रपट खोटा ठरत नाही, कारण तो मुळात यंत्राविषयी नाहीच. व्हिन्सेंटच्या बाबतीत घडते ते असे, की एक शक्यता निकालपत्रासारखी वाचली जाते. भाकिताची मुदत उलटून गेल्यावरही तो जिवंत आहे आणि धावतो आहे, याची दखल कोणालाच घ्यायची नसते. जनुकांवरून भेदभाव करायला त्या जगात कायद्याने बंदी आहे. पण दाराच्या मुठीवरून, उष्ट्या पेल्यावरून नमुना सहज मिळतो, आणि नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी एवढेच उरते. कायदा आहे, आणि तो कोणी मोडला हे कधी सिद्ध होत नाही.

ही गोष्ट महाराष्ट्राला समजावून सांगावी लागू नये. गर्भजलपरीक्षा आली ती गर्भातले गंभीर दोष ओळखण्यासाठी. ऐंशीच्या दशकात मुंबईत तिचा धंदा झाला. आता थोडा खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. स्त्री संघटना आणि काही डॉक्टरांच्या लढ्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. सोनोग्राफीच्या यंत्राला मुलगी नको नव्हती. नको होती ती घरातल्या माणसांना; यंत्राने त्यांची सोय केली. हक्स्ले यांनी १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये बाटल्यांतून माणसे घडवणारे सरकार कल्पिले होते. इथे सरकार बंदी घालत होते आणि लोक रांग लावत होते. भविष्याच्या कादंबऱ्यांचा नेम असा अनेकदा थोडा बाजूला लागतो.

आज भारतात कायदा काय म्हणतो? सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय चाचणी केवळ ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी करता येते आणि लिंगनिवडीला मनाई आहे. उंची आणि बुद्धी आजारात मोडत नाहीत, हे उघड आहे. मधुमेहाच्या वाढीव जोखमीला मात्र ‘ज्ञात आनुवंशिक आजार’ म्हणायचे का? इथे पळवाट निघू शकते. ज्या देशात घरटी कोणाला ना कोणाला साखरेचा त्रास आहे, तिथे या प्रश्नाला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

दुसरे उदाहरण सरकारच्या चांगल्या कामातले आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांना तिची नितांत गरज आहे. तपासलेल्या व्यक्तीला एक कार्ड मिळते आणि लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहावीत, असा सल्ला दिला जातो. सल्ला शास्त्रीय आहे: दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक असतो. पण वाहक माणूस स्वतः सहसा निरोगी असतो, हे वाक्य कार्डाइतक्या वेगाने गावात पोहोचत नाही. पत्रिकेत मंगळ निघाला की मुलीचे काय होते, हे ठाऊक असलेल्या समाजात कार्डासोबत समुपदेशक हवाच. कार्ड छापणे स्वस्त पडते, समुपदेशक नेमणे महाग.

लिंगनिदानाविरुद्धच्या लढाईत सरकारच्या हाती निदान एक वस्तू होती. सोनोग्राफीचे यंत्र नोंदवता येते, त्याला सील ठोकता येते, दवाखान्यावर छापा घालता येतो. भ्रूणाचे गुणांक काढायला यंत्र भारतात असण्याची गरजच नाही. ब्रिटनमध्ये आयव्हीएफ केंद्रांना अशा गुणांकांवरून भ्रूण निवडण्याची परवानगी नाही. तरीही काही जोडप्यांनी रुग्ण म्हणून आपला हक्क वापरून भ्रूणांची जनुकीय माहिती मागवली आणि ती अमेरिकी कंपनीकडे पाठवून क्रमवारी लावून घेतली, असे २०२५ च्या अखेरीस उघड झाले. पुण्या-मुंबईच्या केंद्रांतही आजारासाठी वैध चाचणी झाली की अशी माहिती तयार होते. ती पेनड्राइव्हवर मावते. रुग्णाला ती नाकारावी की द्यावी, आणि दिली तर पुढे तिचे काय होते याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्यात शोधूनही सहजी सापडत नाही.