विश्लेषण : घरात गॅस, तरी चूल का पेटते?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियातून सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत ८ कोटी जोडण्यांचा टप्पा गाठला गेला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील केवळ ४३ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत असल्याचे आढळले.

सरपण, गोवऱ्या, तुराट्या बहुधा फुकट मिळतात. सिलिंडरची पूर्ण रक्कम मात्र आधी मोजावी लागते. अनुदान नंतर खात्यात येते. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुराने जगभरात ३२ लाख बळी घेतले. त्यामुळे योजनेचे यश दिलेल्या जोडण्यांवर नव्हे, तर वर्षभरात भरून घेतलेल्या सिलिंडरवर मोजायला हवे.