गेममधली माती आणि खरी माती: ब्रिस्टलमध्ये नेमकं काय झालं?

मार्च 2021. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या रेसट्रॅकवर नासकारने माती पसरली. नासकारच्या मुख्य मालिकेत मातीवरची शर्यत 1970 नंतर पहिल्यांदाच होणार होती. पण त्याच्या काही दिवस आधीच काही ड्रायव्हर या मातीवर शर्यत करून मोकळे झाले होते, तेही 'आयरेसिंग' या गेममध्ये.

डांबरी ट्रॅकचा गेम बनवणं त्यामानाने सोपं. माती मात्र शर्यत चालू असतानाच बदलते. चाकांखाली ओल जाते, मधला पट्टा गुळगुळीत आणि निसरडा होतो, सुटी माती बाहेरच्या कडेला साचते. मग वेग कुठे मिळतो? बऱ्याचदा त्याच कडेला मागचं चाक टेकवून. आयरेसिंगने 2017 मध्ये मातीचे ट्रॅक आणले, ते हे बदल धरूनच. त्यामुळे इथे वळणं पाठ करून भागत नाही. (पाठांतराने पास होणाऱ्यांची इथे पंचाईतच!)

एवढी तालीम करून प्रत्यक्षात काय झालं? शनिवारी ट्रकच्या पात्रता शर्यतीत सुरुवातीलाच काचा चिखलाने माखल्या. रविवारी पावसाने ट्रॅक धुतला, मुख्य शर्यत सोमवारवर गेली. सोमवारी धूळ इतकी, की शर्यत थांबून पुन्हा सुरू करताना शेवटी दोन रांगांऐवजी एकच रांग लावावी लागली. घसरणारी गाडी सावरण्याचा सराव गेममध्ये होतो, हवामानाचा नाही.

आयरेसिंगमध्ये पाऊस आला तो 2024 मध्ये. त्याच वर्षी ब्रिस्टलची शर्यत पुन्हा काँक्रीटवर गेली.