पालथं मडकं, मोकळा यजमान

डिसेंबर उजाडला की बोईसरच्या एमआयडीसीत लंचच्या टेबलावर एकच विषय : शनिवारी कुणाच्या अंगणात बसायचं? मुंबईतल्या मित्रांच्या गॅलरीत कपडे वाळत असतात. आपल्याकडे पालघरला भाड्याच्या घरालासुद्धा चक्क अंगण मिळतं, बॉस! मग त्याचा फायदा नको घ्यायला?

दोन वर्षांपूर्वी मी घेतला. बार्बेक्यू! चकाचक ग्रिल, कोळसा, सळ्या, आदल्या रात्रीच मसाला लावून ठेवलेलं चिकन... एकदम स्टाइलमध्ये. दहा जण आले. आणि मी? साडेसात ते साडेअकरा सगळ्यांकडे पाठ करून पुठ्ठ्याने वारा घालत उभा. ग्रिलवर एका वेळी सहा सळ्या मावतात हो! पहिल्यांचं खाऊन होईतो बाकीचे वेफर्सवर पोट भरतात. पनीर चिकनला चिकटलं म्हणून व्हेज गँग रुसली, ते वेगळंच.

सोमवारी कॅन्टीनमध्ये कळलं, आमच्यातल्या एकाची नोकरी गेली होती. तो त्याचा इथला शेवटचा शनिवार. त्या रात्री तीनदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता, "काही मदत करू का?" म्हणत. तिन्ही वेळा मी त्याला कोळसा आणायला पाठवलं.

ती ग्रिल आता माळ्यावर आहे.

पुढच्या थंडीत घरमालकीण काकू म्हणाल्या, "अरे, उकडहंडी लाव ना! एवढा काय खटाटोप करतोस?" मुंबई-अहमदाबाद हायवेवर थंडीत जिच्या पाट्या लागतात, तीच उकडहंडी. वर्षानुवर्षं गाडीतून पाहत होतो, घरी करायचं डोक्यात आलं नव्हतं.

फंडा अगदी सोपा. मातीचं मडकं घ्यायचं, आत पाला अंथरायचा. (पाला जाणकारालाच तोडायला सांगा, कुंपणावरचा कुठलाही चालत नाही.) मग वालपापडी, रताळी, कोनफळ, बटाटे, छोटी वांगी. सगळ्याला हिरवी मिरची, आलं, पातीची लसूण, कोथिंबीर, ओवा, मीठ आणि तेल चोळलेलं. वालपापडी कोवळी हवी, म्हणून हा बेत थंडीतलाच. पाणी? एक थेंब नाही. भाज्यांच्या स्वतःच्या ओलाव्यात सगळं शिजतं. मडक्याच्या तोंडात पाला गच्च ठासायचा, मडकं मोकळ्या जमिनीवर पालथं घालायचं, भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं. शेजारी पाण्याची बादली ठेवायचीच, सुकलेल्या गवताचा भरवसा नाही. चिकनवाल्यांसाठी केळीच्या पानात गुंडाळून दुसरं मडकं. व्हेज गँग खूश!

आणि मग पाऊण-एक तास तुम्हाला काहीही काम नाही. झाकण उघडून बघता येत नाही, ढवळता येत नाही. जाळ जरा सरकवायचा आणि बसायचं. काकू अधूनमधून येऊन मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चुर्र करून उडाले की झालं.

गेल्या डिसेंबरात त्या मित्रालाही फोन केला. येईल की नाही, खात्री नव्हती. आला. तो आता वापीला असतो. (मुंबईकरांना तर २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून बहाणाच उरलेला नाही. फक्त परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर रात्रभर तुमच्याकडेच!) जाळ पेटला, सगळे गोल करून बसले, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसलो. "त्या दिवशी तुला सांगायचं होतं रे," तो म्हणाला. मी म्हटलं, "आता सांग." चार महिने घरी काय सांगून सकाळी बाहेर पडायचा, कुठे बसायचा, सगळं बोलला. मध्ये कुणी उठलं नाही, कारण उठायला कारणच नव्हतं.

मडकं फोडलं तेव्हा वाफेबरोबर असा काही वास सुटला, की शेजारचे कुंपणावर आले. चटणी, ताक आणि हाताने सोलून खायची गरमागरम रताळी. डिश-काटे बाहेर काढलेच नाहीत.

वापीकर मात्र वापीकरच. "आमच्या वलसाडकडे याला उंबाडियुं म्हणतात आणि ते जास्त तिखट असतं," म्हणून सुरू झाला. तेवढ्यात अलिबागची एक कलीग उसळली, "मग आमची पोपटी काय?" भांडण साडेबारापर्यंत चाललं. निकाल लागला नाही, म्हणून जानेवारीत पुन्हा दोन मडकी आणायची ठरली. या वेळी मसाला वापीहून येणार होता.