घर गावात घ्यावे, घोषणेत नव्हे

शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि नव्या मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. तेव्हापासून घरांच्या जाहिरातींत पेणचे नाव मोठ्या टाइपात छापले जाऊ लागले आहे, आणि त्याच्या मागोमाग रोह्याचेही. दादर-गिरगावच्या दोन खोल्यांत ज्यांचा संसार मावेनासा झाला, डोंबिवली-बदलापूरच्या गाडीत उभे राहून ज्यांची उमेदीची वर्षे सरली, किंवा निवृत्तीचा निधी ज्यांच्या हाती नुकताच पडला आहे, अशी कुटुंबे रविवारी सकाळी निघून नमुन्याचा फ्लॅट पाहून येतात. घर पाहावे बांधून, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी घर बांधणाऱ्या गृहस्थास निदान जमीन, विहीर आणि शेजार या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत. आजच्या ग्राहकास चित्र दाखविले जाते, आणि चित्रात पाऊस कधीच पडत नाही.

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे राहावयास चांगली आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु तेथे घर घ्यावयाचे ते आज उभ्या असलेल्या गावात घ्यावे. उद्या होणार म्हणून सांगितलेल्या नगरात घेऊ नये. या दोहोंतील फरक न उमगल्यामुळे मुंबईच्या मध्यमवर्गाने आजवर पुष्कळ सोसले आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली तेव्हा रस्ते आणि गटारे आधी झाली, मग भूखंड दिले गेले आणि त्यानंतर घरे उभी राहिली. परकी सरकारच्या कारभाराचे गोडवे गाण्याची आम्हांस हौस नाही. पण हिंदू कॉलनीतील रस्ते आजही रुंद आहेत ते या क्रमामुळे. पुढे वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवलीकडे वस्ती सरकली तेव्हा हा क्रम उलटला. तेथे इमारती आधी आल्या, माणसे त्यांमागून आली, आणि पाणी, रस्ते व रुग्णालये सर्वांत शेवटी. ज्या पिढीने टँकरच्या वाटेकडे डोळे लावून आपली मुले वाढविली, तिच्याच पुढच्या पिढीला आता पेणच्या वेशीवर तेच घर नव्या नावाने विकले जात आहे की काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पेणचा विचार करू. पेण हे मुंबईचे उपनगर म्हणून जन्मास आलेले गाव नव्हे. त्याची नगरपालिका एकोणिसाव्या शतकातील आहे. कासार आळी, कुंभार आळी आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर गणपतीच्या मूर्ती घडतात आणि त्या देशात व परदेशात जातात. पोहे आणि पापड हे त्याचे आणखी दोन उद्योग. विनोबांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यातले. भाऊसाहेब नेने महाविद्यालय गावातच असल्यामुळे मुलांना पदवीपर्यंत बाहेर पाठवावे लागत नाही. ज्या गावास स्वतःचा धंदा आहे आणि स्वतःची शाळा आहे, तेथे मनुष्य केवळ रात्री निजावयास येत नाही. घर घेताना ही बाब किमतीइतकीच तोलून पाहिली पाहिजे, पण ती कोणत्याही जाहिरातीत नसते.

मात्र पेणहून मुंबईस थेट लोकल नाही. पनवेल रेल्वेने सुमारे ३५ किलोमीटर आहे. तेथवर मेमू गाडी जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच. पनवेलहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठण्यास आणखी सव्वा तासाहून अधिक लागतो. म्हणजे फोर्टात नोकरी असणाऱ्याच्या दिवसाचे चार-पाच तास प्रवासात गेले. रस्त्याची कथा तर सर्वश्रुत आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली हाती घेतले गेले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. बेलापूर, पनवेल किंवा उरण येथे ज्याची नोकरी आहे त्याने पेणचा विचार अवश्य करावा. रोज चर्चगेटला जाणाऱ्याने तो मनातून काढून टाकलेला बरा. विमानतळ जवळ आला म्हणून कचेरी जवळ येत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि पेणच्या बाबतीत तो विलक्षण आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे. सिडको या धरणाचे पाणी नव्या मुंबईकडे नेते. आणि त्याच तालुक्यातील वाशी-शिर्की भागातील खारेपाटात, खाडीलगतच्या गावांत, उन्हाळा आला की बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, अशी ही स्थिती वर्षानुवर्षे चालत आली आहे. ज्या तालुक्यास आपल्या भूमीवरील धरणाचे पाणी आपल्याच खेड्यांना पुरविता आलेले नाही, तेथे महामार्गालगत सात-सात मजल्यांच्या इमारतींना मंजुरी देताना पाणी कोठून आणावयाचे ठरले आहे, हा प्रश्न ग्राहकाने विचारावयाचा नाही तर कोणी? कूपनलिका आहे असे उत्तर येते. खाडीच्या जवळ कूपनलिकेस मचूळ पाणी लागते, हे तेथील शेतकऱ्याचे पोरही सांगेल.

पाण्याचीच दुसरी बाजू म्हणजे पावसाळा. खारेपाटातील भातखाचरे ही नुसती शेते नाहीत. डोंगरावरून उतरणारे आणि उधाणाबरोबर तुंबणारे पाणी त्यांत पसरते व ओहोटीला धरमतरच्या खाडीकडे निघून जाते. त्यांवर मुरमाचा भराव घालून वसाहत उठविली की तेच पाणी शेजारच्या जुन्या वाडीत शिरते, आणि पुढील भराव पडला की नव्या वसाहतीतही. म्हणून जुन्या गावठाणातील किंवा डोंगराच्या बाजूच्या उंच जागेवरील लहानसे घर आम्ही भरावावरील प्रशस्त फ्लॅटहून केव्हाही अधिक मोलाचे मानू. आपल्या वाडवडिलांनी गावठाण कोठे वसविले आणि शेत कोठे ठेवले, यामागे काही विचार होता.

घोषणांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण पेण तालुक्यास घोषणा नव्या नाहीत. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा गाजावाजा येथे यापूर्वीच होऊन गेला आहे. त्यासाठी जमिनी द्यावयाच्या की नाहीत, याविषयी पेण तालुक्यातील हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि पुढे तो प्रकल्पच बारगळला. आता ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या नव्या नगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली आहे. हे नगर होणार नाही असे भाकीत आम्ही करीत नाही. कदाचित ते उत्तम होईलही. परंतु नगरास वीस वर्षे लागली तर गृहकर्जाचा हप्ता वीस वर्षे थांबत नाही, आणि आज पहिलीत असलेले मूल तोवर पदवीधर होऊन बाहेर पडलेले असते.

रोह्याची गोष्ट निराळी आहे. पनवेलहून सुमारे ७५ किलोमीटर आत असलेले हे गाव रोजच्या मुंबईवारीसाठी नाहीच, आणि तसे जो सांगेल तो फसवितो. मध्य रेल्वेचा मार्ग येथे संपतो आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० साली येथलाच. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस शस्त्रे धरून मानवंदना देतात, आणि त्या दिवशी सारा गाव रस्त्यावर असतो. धाटावच्या कारखान्यांत नोकरी असलेल्यास, किंवा निवृत्तीनंतर नदीकाठचे शांत गाव हवे असलेल्यास, रोहा पेणहून सरस ठरेल.

पेणला ज्या गोष्टीची चणचण आहे ती रोह्यास मुबलक आहे. कुंडलिका बारमाही वाहते. त्याचे कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली उतरते आणि कुंडलिकेस मिळते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभारला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज रोहा तालुक्याची तहान भागते आहे. मावळच्या ज्या शेतकऱ्यांची घरे त्यासाठी पाण्याखाली गेली त्यांची आठवण नळ सोडताना कोणास होत असेल, असे वाटत नाही.

पण हीच कुंडलिका जुलै-ऑगस्टमध्ये पात्राबाहेर येते. रोहा आणि पैलतीरावरील अष्टमी या दोन्ही बाजूंच्या सखल भागांस तिचा धोका आहे, आणि नदीचे दर्शन घडविणाऱ्या सज्जाची किंमत मोजण्यापूर्वी हा विचार केलेला बरा. दुसरा धोका धाटावचा. तेथील वसाहत प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील एका कारखान्यात टाकीचा स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. सांडपाण्याने नदी खालच्या अंगास नासल्याच्या तक्रारी तर जुन्याच आहेत. डोंबिवलीत कारखान्यांच्या कुंपणापर्यंत घरे जाऊन भिडली, आणि २६ मे २०१६ व पुन्हा २३ मे २०२४ रोजी तेथे काय झाले ते सर्वांनी पाहिले. रोह्यात ती चूक व्हावयास अजून अवकाश आहे. धाटावच्या दिशेने घर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, आणि नगरपालिकेने व औद्योगिक महामंडळाने मधला पट्टा मोकळा ठेवावा.

वयस्कर मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही गावी उपजिल्हा रुग्णालय आहे, पण हृदयविकाराच्या झटक्याला किंवा अवघड शस्त्रक्रियेला पनवेल-कामोठे नाहीतर मुंबईच गाठावी लागते. रोह्याहून ते अंतर रात्रीच्या वेळी फार मोठे वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्याच्या कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती, हेही विसरू नये.

कागदपत्रांविषयी आम्ही विस्तार करीत नाही, ते काम वकिलाचे आहे. सातबारा आणि फेरफार पाहावेत, जमीन बिनशेती झाली आहे काय हे तपासावे, भोगवटा प्रमाणपत्रावाचून ताबा घेऊ नये. करार नोंदविण्यापूर्वी विकसकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. पण येथे एक फट आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक नाही किंवा ज्यात आठहून अधिक घरे नाहीत, त्यास महारेराची नोंदणी सक्तीची नाही. आणि पेण-रोह्यातील कितीतरी इमारती लहानच असतात. तेथे ओळखीवर व्यवहार होतो. ओळखीवर विसंबण्याचे फळ काय, हे पेणकरांना निराळे सांगावयास नको. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँक बुडाली तेव्हा गावातल्या गावात आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या हजारो ठेवीदारांनी ते भोगले आहे.

शासनाकडे आणि दोन्ही नगरपालिकांकडे आमची मागणी एकच आहे. गावास रोज किती पाणी मिळते, ते किती घरांत वाटले जाते आणि आणखी किती घरांना बांधकामाची परवानगी दिली गेली आहे, हे तीन आकडे दरवर्षी नगरपालिकेच्या दारावर लावावेत. हे आकडे कचेरीत असतातच, केवळ बाहेर येत नाहीत. खारेपाटातील गावांना हेटवण्याचे पाणी पोहोचेपर्यंत त्या परिसरात नव्या मोठ्या वसाहतींना परवानगी देऊ नये. यात नव्या रहिवाशाचे हित जुन्या रहिवाशाच्या हिताहून वेगळे नाही. खारेपाटातील बाईच्या हंड्यावर डोळा ठेवून ज्या इमारतीस पाणी दिले जाईल, तिचेही पाणी उद्या आणखी कोणी नेईलच. तोवर घर पाहावयास जाणाऱ्याने ते मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा पाहावे, आणि विक्रेत्याच्या कचेरीची पायरी चढण्याआधी शेजारच्या जुन्या इमारतीतील एखाद्या गृहिणीस नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, एवढे विचारून घ्यावे.